छोट्या गॅस ओव्हनमध्ये केक सगळीकडून सारखा भाजायचा तर

तळ काळा, वरची बाजू पांढुरकी, मागची कड करपलेली आणि मधोमध ओला गोळा. राहण्या-फिरण्याच्या गाडीत (कॅम्पर व्हॅनमध्ये) बसवलेल्या छोट्या गॅस ओव्हनमधला असा केक डब्यात घालून लोक मला दाखवायला आणतात आणि विचारतात, "मॅडम, मैदा बदलून पाहू का?" मैद्याचा दोष नसतो, अंड्यांचाही नसतो. तरी बहुतेक जण कृतीच बदलत बसतात: साखर कमी, दूध जास्त, बेकिंग पावडर अर्धा चमचा वाढवून. चार केक वाया गेले की ओव्हनच्या कप्प्यात चपला ठेवायला सुरुवात होते.

या ओव्हनची रचना आधी डोळ्यांसमोर आणा. तळाशी एकच बर्नर. त्यावर आडवा पत्रा, म्हणजे ज्योत थेट पदार्थाला लागू नये. वर एखादी जाळी. पंखा नाही, वरून आच नाही. ज्योत पत्र्याला तापवते, गरम हवा कडेकडेने वर चढते आणि मागच्या फटीतून बाहेर जाते. केक आणि विस्तव यांच्यात वीतभरही अंतर नसतं. शिवाय एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून थोडी जास्त पाण्याची वाफ तयार होते. त्यामुळे आतली हवा दमट राहते आणि वरच्या बाजूला रंग यायला उशीर लागतो. खालून चटका आणि वरून वाफ, अशा दोन वेगळ्या गोष्टी एकाच टिनला सोसाव्या लागतात.

खाली दिलेला क्रम मोडू नका. पाचवी पायरी आधी आणि दुसरी नंतर केली तर काय सुधारलं आणि कशामुळे, हे कधीच कळणार नाही. गाडीत ओव्हन असलेल्यांसाठी हे लिहिते आहे, पण घरात किंवा खाण्याच्या व्हॅनमध्ये तळाला एकच बर्नर असलेला छोटा ओव्हन वापरत असाल तरी हे सगळं तसंच लागू आहे, फक्त घरात पहिली पायरी सोडा.

## १. गाडी सपाट जागी उभी करा

चिखलदऱ्याला आम्ही उतारावर गाडी लावली होती. चाकाखाली दगड घातला आणि मला वाटलं झालं काम. केक बाहेर आला तेव्हा एका बाजूला दोन बोटं उंची आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं. पातळ बाजू कडक झाली होती, जाड बाजू आत चिकट. त्या दिवशी आच अगदी बरोबर होती, तिरकी होती ती गाडी.

ओव्हनच्या जाळीवर रिकामा टिन ठेवा, त्यात बोटभर पाणी घाला आणि पाण्याची पातळी चारही बाजूंनी पट्टीने मोजा. गवंड्याकडची लेव्हल किंवा मोबाइलमधलं लेव्हलचं ॲपही चालतं, पण ते जाळीवर ठेवून पाहा, ओट्यावर नाही. जाळी स्वतःच वाकलेली असते, हे बऱ्याच जणांना पाण्यामुळेच कळतं.

सावध: चालत्या गाडीत ओव्हन कधीही पेटवायचा नाही. प्रवासात सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, सिलिंडर उभा आणि पट्ट्याने बांधलेला. त्याचा कप्पा आतल्या बाजूने बंद हवा आणि खाली बाहेर उघडणारी जाळी हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो.

## २. ज्योत नीट पाहा

आधी रेग्युलेटर आणि नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर आजचं बेकिंग रद्द. नसतील तर दोन बाजूंच्या खिडक्या किंवा छताची खिडकी आणि दार उघडा आणि मग ओव्हन पेटवा. ज्या ओव्हनमध्ये ज्योत विझली की गॅस बंद करणारी सोय आहे, त्यांचा नॉब पेटल्यावरही दहा-पंधरा सेकंद दाबून धरावा लागतो. एवढाही धीर न धरणारे लोक "ओव्हन पेटतच नाही" म्हणून दुरुस्तीला नेतात.

आता वाकून पत्र्याखाली पाहा. ज्योत निळी, आखूड आणि बर्नरच्या सगळ्या छिद्रांतून सारखी हवी. पिवळी टोकं दिसली, भांड्याला काजळी धरली किंवा अर्धी छिद्रं बंद दिसली, तर सगळं थंड झाल्यावर छिद्रं मऊ ब्रशने साफ करा. विदर्भातल्या रस्त्यांची धूळ आणि कोळ्याचं जाळं यांनी बर्नरची हवेची वाट बुजते, हे मी प्रत्येक उन्हाळ्यानंतर पाहते. साफ करूनही ज्योत पिवळीच राहिली तर मेकॅनिकला दाखवा.

सावध: पहिल्या प्रयत्नात पेटला नाही तर नॉब बंद करा, ओव्हनचं दार उघडा, पाच मिनिटं थांबा. लगेच दुसरी काडी ओढू नका.

सावध: तळाच्या पत्र्यावर किंवा छिद्रांवर ॲल्युमिनियम फॉइल अंथरू नका. "सांडलेलं साफ करायला सोपं जातं" म्हणून बरेच जण अंथरतात. त्याने हवेचा मार्ग बंद होतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वासही नसतो आणि रंगही. गाडीच्या बंद डब्यात तो जीव घेऊ शकतो. याच कारणाने थंडीत ऊब यावी म्हणूनही ओव्हन पेटवून बसायचं नाही.

## ३. पावाच्या स्लाइसने ओव्हनचा नकाशा काढा

ही पायरी लोक टाळतात, आणि माझ्या मते बाकी सगळ्या पायऱ्यांची चावी हीच आहे. खर्च एका ब्रेडच्या पुड्याचा.

मधली जाळी ठेवून ओव्हन मध्यम आचेवर वीस मिनिटं तापवा. मग ताज्या पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइस जाळीवर एकमेकींना खेटून मांडा. छोट्या ओव्हनमध्ये चार ते सहा मावतात. सात-आठ मिनिटांनी सगळ्या एकदम बाहेर काढा आणि जशा होत्या तशाच क्रमाने ओट्यावर ठेवा. आता वरची बाजू पाहा, मग प्रत्येक स्लाइस उलटून खालची पाहा.

माझ्या ओव्हनचा नकाशा असा निघाला होता: मागच्या डाव्या कोपऱ्यातली स्लाइस खालून कॉफीच्या रंगाची, मधल्या दोन बदामी, दाराजवळची उजवी जवळपास कच्ची. वरून मात्र सगळ्याच फिक्या. म्हणजे दोन रोग निघाले. एक, आच मागे आणि डावीकडे जास्त. दोन, वर आच पोचतच नाही. पहिल्यावर उपाय टिन फिरवणं, दुसऱ्यावर उपाय टिनची उंची बदलणं. नकाशा नसता तर मी दोन्हींवर एकच उपाय करत बसले असते.

स्लाइसचा फोटो काढून ठेवा. दिवाळीत नानकटाई करताना तो बघावाच लागतो.

## ४. नॉबवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका

स्वस्त ओव्हनच्या नॉबवर नुसतं कमी-जास्त लिहिलेलं असतं. आकडे असले तरी आतलं तापमान मोजणारी नळी बहुधा मागच्या भिंतीजवळ असते, आणि भिंतीजवळचं तापमान म्हणजे केकच्या जागेचं तापमान नव्हे. जाळीवर ठेवायचा ओव्हनचा थर्मामीटर घ्या. तो मधोमध, टिनच्या उंचीवर ठेवा, भिंतीला टेकू देऊ नका. पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन वेळा वाचा आणि नॉबच्या प्रत्येक खुणेसमोर खरं तापमान लिहा.

थर्मामीटरचीच शंका आली तर घरातली साखर कामाला येते. साखर साधारण १८६ अंश सेल्सिअसला वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर घालून ती मधल्या जाळीवर ठेवा. थर्मामीटर १७५ दाखवत असताना पंधरा मिनिटांत साखर दाणेदार राहायला हवी आणि १९० दाखवत असताना वितळायला हवी. १७५ लाच वितळली तर ओव्हन थर्मामीटर सांगतो त्यापेक्षा गरम आहे. बऱ्याच करपलेल्या केकांचं उत्तर इथेच सापडतं.

## ५. आच पसरवणारा थर घाला

आता मुख्य काम. बर्नर आणि टिन यांच्यामध्ये जाड, जड असं काहीतरी हवं. ते आधी उष्णता शोषून घेतं आणि मग सगळ्या अंगाने सारखी सोडतं.

सगळ्यात चांगला पिझ्झा स्टोन. तो नसेल तर बिनचकाकीची मातीची भाजलेली टाइल, सव्वा ते दीड सेंटिमीटर जाड. तीही मिळाली नाही तर बिडाचा सपाट तवा, त्याची मूठ आत मावत असेल तर. कौलाचा तुकडा चालेल का, असं एकाने विचारलं होतं. आपल्याकडचं कवेलू गोलसर असतं, टिन डुगडुगतो. नकोच.

दोन गोष्टी टाळा. न्हाणीघरातली चकाकी असलेली टाइल, कारण तिच्यावरचा थर तापून तडकू शकतो. आणि कडप्पा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा, कारण दगडाच्या थरांत ओल असेल तर तो तापल्यावर कपच्या उडवत फुटतो.

माप महत्त्वाचं आहे. टाइल ओव्हनच्या आतल्या मापापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर लहान असू द्या. आत ४० बाय ३० सेंटिमीटर जागा असेल तर टाइल ३२ बाय २२ च्या आसपास. कडेची ही मोकळी जागा म्हणजे गरम हवेचा जिना. पूर्ण तळ झाकणारी टाइल घातली की हवा वर चढत नाही, खालचा पत्रा लाल होतो आणि केक वरून आणखी पांढरा राहतो. "टाइल घालून बिघडलंच" असं सांगणाऱ्यांनी जवळजवळ दर वेळी मोठी टाइल घातलेली असते.

टाइल सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवा आणि टिन त्याच्या वरच्या जाळीवर. जाळी एकच असेल तर टाइल त्या जाळीवर, टाइलवर कुकरच्या तळाची भोकं असलेली जाळी आणि तिच्यावर टिन. टाइल आणि टिन यांच्यात बोटभर तरी हवा खेळली पाहिजे. टिन थेट टाइलवर फक्त पिझ्झा आणि रोटीच्या वेळी.

तपासा: नवी टाइल पहिल्यांदा मंद आचेवर अर्धा तास तापवून बंद ओव्हनमध्येच थंड होऊ द्या. मग स्लाइसची परीक्षा पुन्हा घ्या. मागच्या आणि पुढच्या स्लाइसमधला फरक बराच कमी झालेला दिसेल. तो दिसला नाही तर टाइल अर्धा-अर्धा इंच पुढे सरकवून पाहा.

## ६. तापवायला पुरेसा वेळ द्या

टाइलशिवाय वीस मिनिटं, टाइल असेल तर पस्तीस ते चाळीस. हवेचं तापमान लवकर चढतं आणि थर्मामीटर दहा-पंधरा मिनिटांत १८० दाखवतो. तेव्हा टाइल मात्र अजून थंडच असते. त्या क्षणी टिन आत ठेवलात तर टाइल तापवण्यासाठी बर्नर पेटता राहतो आणि ती सगळी आच केकच्या तळाला सोसावी लागते. म्हणून आकडा दिसल्यावरही आणखी वीस मिनिटं थांबा.

आधी हवं त्यापेक्षा दहा-पंधरा अंश वर तापवा. दार उघडलं की या छोट्या डब्यातली गरम हवा एका दमात बाहेर येते. टिन आत गेला, दार लागलं की नॉब खाली आणा.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरची पहाट दहा अंशांच्या आसपास असते. तेव्हा छोट्या ५ किलोच्या सिलिंडरमधून लांबलचक तापवणीत गॅस कमी येऊ लागतो, कारण द्रव गॅसची वाफ होताना सिलिंडर स्वतःच गार पडतो. त्याच्या अंगावर दव धरलेलं दिसलं आणि ज्योत बुटकी झाली की समजा. उन्हं वर आल्यावर बेक करा किंवा मोठा सिलिंडर जोडा. सिलिंडरला गरम पाणी किंवा आच कधीही द्यायची नाही. विक्रीसाठी बेक करत असाल तर घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर वापरता येत नाही, व्यावसायिक सिलिंडरच घ्यावा लागतो.

## ७. टिन

फिक्या रंगाचा ॲल्युमिनियमचा टिन घ्या. काळा नॉनस्टिक टिन आच जास्त ओढतो आणि तळ आधी करपतो. तोच एक असेल तर तापमान दहा-पंधरा अंश कमी ठेवा. १८ सेंटिमीटरचा गोल टिन बहुतेक छोट्या ओव्हनला बरोबर बसतो. भिंतीपासून चारही बाजूंनी अडीच सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. मिश्रण अर्ध्याच्या वर, दोन तृतीयांशाच्या खाली. तळाला बटर पेपर.

नानकटाई आणि बिस्किटांसाठी दोन सारखे ट्रे एकात एक ठेवा. मधल्या हवेच्या पातळ थरामुळे तळ वाचतो. आणि एका वेळी एकच ट्रे आत. दोन जाळ्यांवर दोन ट्रे ठेवले की खालचा करपतो आणि वरचा नुसता वाळतो.

## ८. मिश्रण कधी करायचं

ओव्हन तयार झाल्याच्या आसपास मिश्रण तयार झालं पाहिजे, आधी नाही. बेकिंग पावडर ओली झाली की लगेच काम सुरू करते. मिश्रण पंचवीस मिनिटं ओट्यावर पडून राहिलं की फुगवटा बसतो आणि दोष ओव्हनवर जातो. मी कोरडे जिन्नस चाळून ठेवते, ओले फेटून ठेवते आणि टाइल तापायला दहा मिनिटं उरली की एकत्र करते.

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या गाडीत त्याहून जास्त. बटर फेटताना ते मऊ नव्हे, पातळच होतं, त्यात हवा धरत नाही आणि केक दाट बसतो. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटा किंवा सरळ तेलाचा केक करा. खरं तर त्या दिवसांत पहाटे साडेपाचला बेक करावं, तेही माणसासाठी. पावसाळ्यात बेकिंग पावडर सादळते. अर्धा चमचा गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली नाही तर फेकून द्या.

संत्र्याचा केक करणार असाल तर साल आधी किसा, मग संत्रं सोला. आपलं नागपुरी संत्रं सैल सालीचं, एकदा सोललं की किसणीवर साल धरवत नाही. फक्त केशरी थर किसा, पांढरा भाग आला की कडू लागतं.

चिखलदऱ्याला, साधारण १,१०० मीटरवर, केक लवकर फुगून लवकर बसतो. चमचाभर बेकिंग पावडरमधली चिमूटभर कमी करा. नागपूर ३१० मीटरच्या आसपास आहे, इथे काही बदलायची गरज नाही.

## ९. आत ठेवणं आणि फिरवणं

टिन मधोमध नाही, तर नकाशा सांगेल तिथे. मागे जास्त आच असेल तर बोटभर दाराकडे. उंची अशी की केक फुगल्यावरही छतापासून चार-पाच सेंटिमीटर खाली राहील. साधा केक १७० ते १७५ अंशांवर, नानकटाई १६० वर, पाव २०० च्या पुढे. मोठ्या विजेच्या ओव्हनसाठी लिहिलेल्या कृतीत १८० असेल तर इथे सुरुवात १७० ने करा.

मग दार बंद आणि हात मागे. पहिली वीस-पंचवीस मिनिटं उघडायचं नाही. चाळीस मिनिटांचा केक असेल तर साधारण सत्तावीस-अठ्ठाविसाव्या मिनिटाला, कड बसलेली आणि मधला भाग हलवल्यावर किंचित थरथरणारा, अशा वेळी टिन अर्धा वळसा फिरवा. मागची बाजू पुढे. त्याआधी फिरवलं तर न बसलेला केक धक्क्याने खचतो. फार उशिरा फिरवलं तर करपायचं ते करपून गेलेलं असतं. बिस्किटांचा ट्रे निम्म्या वेळेला फिरवा.

दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत दहा सेकंद. मोजे आधी हातात घाला, टिन कुठे टेकवायचा ती जागा आधी मोकळी करा. लोक दार उघडतात आणि मग फडकं शोधतात.

## १०. वरचा रंग

शेवटची सात-आठ मिनिटं टिन वरच्या जाळीवर न्या. छतावरून परतणारी आच वरच्या बाजूला लागते. पावाला आधीच दुधाचा हात फिरवून ठेवा, रंग लवकर येतो. उलट, वर आधीच रंग आला आणि आत कच्चं असेल तर फॉइलचा सैल तुकडा टिनवर ठेवा. टिनवरच, जाळीभर नाही. आच वाढवून रंग आणायचा मोह होतो, पण इथे नॉब वाढवला की वाढतो तो फक्त तळाचा चटका.

झाला की नाही ते मधोमध सुरी घालून पाहा, कडेला नाही. शिवाय कान द्या: ओला केक बारीक चुरचुरत असतो, झालेला जवळजवळ शांत होतो.

## बिघडलंच तर कुठे परत जायचं

तळ काळा आणि मधे कच्चं असेल तर सहावी पायरी, टाइल पुरेशी तापली नव्हती. टाइल तापूनही तसंच झालं तर चौथी, तापमान दाखवतं त्याहून जास्त आहे. एकच कड करपली तर तिसरी आणि नववी. मधे डोंगर होऊन वर भेग पडली तर आच फार, दहा अंश उतरवा. मधे खड्डा पडला तर दार लवकर उघडलं किंवा आतून शिजायच्या आत काढलं. सगळीकडून फिका पण आतून शिजलेला, तर टाइल फार मोठी आहे किंवा मागची फट कशाने तरी झाकली गेली आहे. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा: नॉब, थर्मामीटर, टाइलची जागा, फिरवण्याचं मिनिट.

काम संपलं की आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या, मग नॉब बंद. टाइल तासभर तरी चटका देण्याइतकी गरम राहते. तिला ओलं फडकं लावू नका आणि ती हाताला गार लागेपर्यंत गाडी हलवू नका.